हळदकुंकू लावलेले बोर्ड

आज माझं डोकं फिरलंय, म्हणून इथं लिहितेय.

सांगलीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी डिजिटल डिझाइन शिकवते. आमच्या लॅबमध्ये एफपीजीए बोर्ड आहेत, म्हणजे आतलं सर्किट हवं तसं पुन्हा पुन्हा बदलता येणारे बोर्ड. या हार्डवेअरचा आज ट्रॅफिक सिग्नल करा, उद्या तो पुसून घड्याळ करा. हजारदा बदललं तरी त्याला काही होत नाही. ते त्यासाठीच बनवलंय!

आज तिसऱ्या वर्षाच्या पोरांना म्हटलं, सिग्नलचे दिवे खऱ्या बोर्डवर लावून दाखवा. तर लॅब असिस्टंट, आमचे मामा, कपाटाची किल्लीच देईनात. "आवं मॅडम, पोरं मोडून ठेवतील. कम्प्युटरवर दिसतंय न्हवं सगळं?"

शेवटी भांडून किल्ली घेतली. बोर्ड बाहेर काढले, तर वरचं प्लॅस्टिकसुद्धा कुणी काढलेलं नाही. आणि त्या प्लॅस्टिकवर दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकू!

आटपाडीची एक हुशार मुलगी हात मागं बांधून उभी होती. म्हटलं, "घे की हातात." तर ती विचारते, "मॅडम, आधी हात धुऊन येऊ का?"

असा संताप आला! मामांना चांगलं सुनावायला वळले आणि तिथंच थांबले. दसऱ्याला ते कुंकू मीच लावलं होतं. फोटो काढून झाल्यावर कपाटही मीच बंद केलं होतं.

खरं सांगा, तुमच्या कॉलेजातली किती यंत्रं तुम्ही हाताळलीत, आणि किती यंत्रांना नुसताच नमस्कार केलात?