सुंजाच्या दाराकडे केलेलं बोट

दाराला साखळी लावली, बाळाला छातीशी दाबलं, अन् श्वास रोखून ऐकत राहिले — तो माणूस समोरचं दार ठोकत होता. सुंजाचं दार. मीच दाखवलेलं.

हे कुणालाच नाही सांगितलेलं. आमच्या ह्यांनासुद्धा नाही.

न्यू जर्सीत येऊन मला वर्षपण झालं नव्हतं. मी सातवी शिकलेली, इंग्लिश म्हणजे येस, नो, थँक्यू. हे दिवसभर गॅस स्टेशनवर, म्हणजे पेट्रोलपंपावर, कामाला. सुंजा कोरियाची, नवरा अमेरिकन, तो तिकडे फौजेत असताना लग्न झालेलं. माझ्या बाळंतपणात ना आई ना सासू — हिनंच समुद्रातल्या शेवाळाचं सूप करून पाजलं. वास कसला तो! पण प्यायले, अन् दूध आलं.

आमच्याकडच्या मराठी बायका जमल्या की मात्र त्यांच्यातल्या एक काकू म्हणायच्या, "फौजी तिकडे बारमध्येच जातात गं. तिथूनच उचलून आणतात असल्या. तू आपली भोळी, सूप पितेस!" सगळ्या हसायच्या. मीपण. सुंजा तर लग्नाआधी कोरियात शाळेत शिकवायची — मुलांबरोबरचा फोटो मी बघितलेला. तरी हसले. का? आपण त्यातल्या नाही, हे बरं वाटायचं.

त्या दुपारी बाळ कडेवर, दुसऱ्या हातात धुतलेले कपडे, जिना चढत होते. तो माणूस मागोमाग आला. दारू प्यायलेला. म्हणाला, मीपण होतो फौजेत, एशियात. तुम्ही तिकडच्या बायका गोड, नाही म्हणतच नाही. बोलणं अर्धं कळलं, नजर सगळी कळली.

अन् मी काय करावं? — मंगळसूत्र बाहेर काढून दाखवलं. आपल्याकडे एवढं पुरतं ना, लग्नाची बाई आहे म्हणून. त्याला काळे मणी काय कळणार? त्याला वाटलं, मी गळाच दाखवतेय. हसला. मणी धरायला हात पुढे केला.

"नो, नो! आय इंडियन! शी — दॅट डोअर — शी बार!"

काकूंचं बोलणं, माझ्या तोंडून.

तुम्ही असता तर — नाही. ते नाही विचारत.

तो तिकडे वळला. मी आत. सुंजा आतून ओरडत होती, "गो अवे! गो अवे!" — केवढा बारीक आवाज. फोन हाताशी होता. पोलिसांचा नंबर ह्यांनी पाठ करून घेतलेला. नाही उचलला. पोलीस विचारतील, त्याला तिच्या दारी कुणी पाठवलं — ह्याची भीती. बघा, भीतीसुद्धा स्वतःचीच.

खालून कुणीतरी दरडावलं, तेव्हा गेला तो.

मग माझ्या दारावर टकटक. सुंजा. आधी बाळाकडे बघितलं, मग मला विचारलं, "ही कम हिअर टू? यू ओके?"

मी म्हणाले, "नो. नोबडी कम."

"गुड," ती म्हणाली. "गुड. बेबी स्मॉल."