खिशात कोंबलेले बोंबील

प्रवासाने माणसाचं मन विशाल होतं. चिंचणीच्या आमच्या शेजारच्या मावशी पूर्वी पोस्टमनलाही रिकाम्या हाताने जाऊ देत नसत. मुलाबरोबर एका बंदिस्त देशातला प्रसिद्ध डोंगर पाहून आल्यापासून मात्र कुणाला सुके बोंबील देताना त्या आधी विचारतात, "कोन बगत नाय ना?"

तिथे पाहुण्यांकडून काही घ्यायला सरकारी गाईडना मनाई होती. मावशींनी बसमध्ये गाईड मुलीच्या खिशात बोंबलांची पुडी कोंबली. "खा गो पोरी, अंगावर मास नाय तुज्या." ड्रायव्हर आरशातून पाहत होता.

दुसऱ्या दिवशी नवी मुलगी आली. कालची पोर कुठे आहे, हे मावशींनी मुलाला तीनदा विचारायला लावलं. तिन्ही वेळा नव्या मुलीने हसून डोंगराची उंची सांगितली.