बिनमिठाचं भरीत

फैजपूरजवळच्या एका शाळेत मी दर शनिवारी सहावीच्या मुलांचा ‘विचारांचा तास’ घेतो. उत्तर काहीही द्या, पण ‘का’ ते सांगितल्याशिवाय सुटका नाही, एवढाच नियम. मी मूळचा धुळ्याचा. भरीत खाण्यापुरता पक्का जळगावचा.

यंदा आमची भरीत-पार्टी नेमकी रमजानात आली. वर्गातल्या एका मुलीने पहिल्यांदाच रोजे धरले होते. तिच्यासमोर खायचं कसं, यावर तासभर खडाजंगी झाली. पार्टी पुढे ढकलायचं जवळजवळ ठरलंच होतं, तेवढ्यात ती उठली.

“माझ्यासाठी तुम्ही थांबलात तर माझा रोजा तुम्हीच सांभाळला असं होईल. तुम्ही खा. मी भरीत कुटते.”

मी तोंडात बोट घातलं. एवढीशी पोर, आणि हे बोलणं!

पुढच्या शनिवारी शाळेमागच्या शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली. मिरच्या-लसूण घालून तिने ती बडगीत, म्हणजे लाकडाच्या लांबट उखळात, दणादण कुटली. तिला चव बघता येत नव्हती, आणि आपण बघावी हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. केळीच्या पानावर वाढून घेतलं, पहिला घास घेतला, तर मीठच नाही! ती आमच्या तोंडांकडे बघत होती. एरवी कशाचाही काथ्याकूट करणारी ही सगळी पोरं एकदम मुकी झाली. एक जण तर म्हणाला, “एक नंबर भरीत झालं वं!” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. संध्याकाळी रोजा सोडताना खायला तिने आपल्या वाटचं डब्यात भरून ठेवलंय, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

नंतरच्या तासाला ती आल्या आल्या उभी राहिली. “मीठ नव्हतं. का नाही सांगितलं?”

“तुला वाईट वाटलं असतं,” तोच मुलगा पुटपुटला.

“मला काय वाटेल ते तुम्हीच ठरवलं. मग माझ्या वाटचा विचार मी कधी करायचा?”

हे मी तिला शिकवलं नव्हतं. मला तरी कुठे येत होतं?

“मी पुन्हा कुटते,” ती म्हणाली. “चव बघायला माझ्याशेजारी कोण बसतं? पण बिघडलं तर तोंडावर ‘बिघडलं’ म्हणायचं.”

एरवी प्रश्न संपायच्या आत वर जाणारे हात खालीच राहिले. मुलं तिच्याकडे बघत खरोखर विचार करत होती. माझाही हात वर गेला नव्हता.