पांदण कुणी खाल्ली?

चाकणहून निघताना पिशवीत पत्रकांचे दोन गठ्ठे होते. मथळा माझाच : 'शेतजमीन गिळणाऱ्यांना ओळखा!' खाली आलेख. देशाच्या शेतजमिनीची रेघ वर्षानुवर्षं जवळपास आडवीच. त्याखाली मी लिहिलं होतं, ही रेघ खोटं बोलते. बोलतेच! आमच्या घरासमोर चुलत्यांची बाजरी डोलायची, तिथं आज गोदाम आहे. हिवाळ्यात मेंढ्या यायच्या, त्याही बंद झाल्या. ते पापही मी गोदामवाल्यांच्याच नावावर छापलं होतं.

हिंगोलीला सकाळी उतरले आणि गोरेगावच्या जीपमध्ये बसले. जीप भरता भरत नव्हती. भरली तेव्हा माझ्या मांडीवर कुणाची तरी तेलाची किटली होती. खिडकीतून मात्र रिकामी जमीन म्हणून दिसेना. तूर, हरभरा, पिवळी पडत चाललेली हळद. रस्त्याच्या डांबराला खेटून पीक. माळाच्या उतारावर, जिथं मातीपेक्षा दगड जास्त, तिथंही तूर उभी.

"इथं गायरान नाही का?" शेजारच्या आजोबांना विचारलं.

"हाय की. तेच पाहून राहिल्या ना तुमी," ते म्हणाले. "वरून हरभरा हाय, एवढंच."

जीपमधले हसले. मी नाही.

गोरेगावच्या फाट्यावर माधवराव मोटारसायकल घेऊन उभे होते. पन्नाशीचे शेतकरी, संध्याकाळी त्यांच्या वाडीवर बोलायला त्यांनीच मला बोलावलं होतं. घरी ज्वारीची भाकरी आणि सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) आमटी. जेवताना त्यांनी आपलं दुखणं सांगितलं. ओढ्याकाठचं त्यांचं रान पार थकलं होतं. खत टाकून टाकून माती विटेसारखी झाली होती. उपाय त्यांच्या वडिलांचाच : मेंढ्या बसवायच्या. म्हणजे मेंढपाळानं आठवडाभर कळप शेतात मुक्कामाला ठेवायचा. शेताला लेंडीखत, मेंढपाळाला धान्य. कळप आजच येणार होता.

आम्ही गेलो तर कळप पांदणीच्या (शेतांमधून जाणाऱ्या गाववाटेच्या) तोंडाशी अडलेला. पुढं काठी टेकून मेंढपाळ द्वारकाबाई उभ्या. मी उतरताना गठ्ठा सुटला, पत्रकं धुळीत पडली आणि एका मेंढीनं त्यातलं एक तोंडात धरलं.

"एवढंच आणलं का गं चराया?" द्वारकाबाई म्हणाल्या. मग माधवरावांकडं वळल्या, "दादा, बोलावलं तुमी. न्याव कुठून?"

"पांदणीनं."

"पांदण दाखवा मंग."

तोंडाशी बैलगाडी जाईल एवढी रुंद असलेली ती वाट वीसेक पावलांत माणसापुरती होत होती. दोन्हीकडून घाटे धरलेला हरभरा. उजवीकडचा माधवरावांचा, डावीकडचा शेजारच्या किसनचा. किसन स्वतःच्या धुऱ्यावर (बांधावर) काठी घेऊन उभाच होता. "एकीनं जरी तोंड घातलं तं पाहा," म्हणाला.

मी भडकले. "पांदण सगळ्या गावाची असते! ही चोरी आहे!"

"बराबर हाय, ताई," किसन शांतपणे म्हणाला. "तुमच्याकडं कंपन्या खाऊन राहिल्या. इथं भायेरचं कोणी न्हाई आलं. दर साल एक तास (नांगराची एक ओळ) इकडून मी, एक तास तिकडून दादा."

"दादाचे दोन," द्वारकाबाई म्हणाल्या.

पलीकडून ओढा, दुसरी वाट नव्हती. मी द्वारकाबाईंना विचारलं, आता काय करणार?

"काय करतो? आधी धा गावं बोलवायची, आता हे एकच ऱ्हायलं. गायरानं नांगरली. आज हितं बसल्या तं बसल्या, न्हाई तं येत्या बाजारी सगळा कळप इकायचा. आमचे मालक म्हनतात, वाटच न्हाई तं जित्राब काहून पाळावं?"

माधवराव चप्पल काढून हरभऱ्यात शिरले. पाच-सहा पावलं आत जाऊन टाचेनं माती चाचपली. "हितं वखर उडी मारतो," म्हणाले. वाकून त्यांनी हातानं माती उकरली. खाली हद्दीचा दगड. वडिलांनी दाखवलेला. म्हणजे दर साली औत दगडावरून उडायचं आणि दर साली त्यांना कळायचं!

मग त्यांनी हरभरा उपटायला घेतला. मीही लागले. आंबेनं (पाल्याच्या आंबट दवानं) हात चुरचुरत होते. मी एक पेंडी मेंढ्यांपुढं टाकायला गेले तर द्वारकाबाई ओरडल्या, "नगं! वला हरभरा खाऊन पोट फुगून मरतील!" माझं प्रेमही असं.

किसननं एकही रोप उपटलं नाही. पण उन्हं कलताना कळप हलला, तेव्हा तो आपल्या पिकाच्या कडेनं हात पसरून मेंढ्यांबरोबर शेवटापर्यंत चालला. दोन-तीन तोंडं त्याच्या हरभऱ्यात गेली. त्यानं आभाळाकडं पाहिलं.

रानात कळपाभोवती जाळी लागली. "दगड तेवढा उघडा ऱ्हाऊ द्या, दादा," द्वारकाबाई म्हणाल्या. "मंग कळप बी ऱ्हाईल." माधवरावांनी मान हलवली. हो म्हणाले नाहीत.

संध्याकाळी मी बोलले, पण पत्रकं वाटली नाहीत. शेतजमीन मोजताना कायमची कुरणंही तिच्यातच धरतात. कुरण नांगरलं तरी बेरीज हलत नाही. रेघ खोटं बोलते हे मी लिहिलं होतं. कुणाकुणासाठी, हे तपासलं नव्हतं.

घरी आले तेव्हा वडील कांद्याला पाणी देत होते. विचारलं, "आपल्याकडं मेंढ्या यायच्या, त्या कुठून?"

त्यांनी वर न बघता वाफ्यांच्या मधोमध बोट दाखवलं. "तिथून."

मी चपला काढून वाफ्यात उतरले.

"अगं, कांदा तुडवशील!" ते ओरडले. मी टाचेनं दगड शोधत होते.