माशांवरचं कुलूप

दौंडहून येणारा आमचा कॉम्प्युटर मेकॅनिक आधी चहा मागायचा. चहा पोटात गेल्याशिवाय त्याला बिघाड दिसतच नसे. मी आठवीत शाळा सोडून किनवटहून पोटासाठी येऊन इथं शिपाई लागलेला, म्हणून मला तो 'इंजिनियरसाहेब' म्हणायचा.

त्या दुपारी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर पासवर्ड मागत अडून बसला. कॉम्प्युटर रिकामा राहिला की स्क्रीनवर मासे पोहतात, ते बघायची हौस माझी. ते मासे लावायच्या खटपटीत पासवर्ड घातला मीच आणि विसरलोही मीच. मेकॅनिक येईपर्यंत बाहेर उसाचे ट्रॅक्टर तुंबलेले.

"आरं, चिपाड झाल्यावर वजन करणार व्हय?" एक ड्रायव्हर ओरडला.

कारखान्याचे साहेब दारात उभे. "ज्यानं हे केलं, त्यानं आजच गाठोडं बांधायचं."

मेकॅनिकनं निवांत बशी रिकामी केली आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "इंजिनियरसाहेब, मासं कवापासनं पाळताय?"

मी घाईघाईनं त्याची बशी उचलली.

नुसतं बंद करून चालू केलं की ते कुलूप निघायचं, हे मला फार नंतर कळलं. त्याला ते तेव्हाच ठाऊक होतं. तरी त्या महान तंत्रज्ञानं डबा उघडला, स्क्रू दातात धरले, अर्धा तास आत ब्रश फिरवला, तीनदा हळहळला आणि मग बटण दाबलं.

"धूळ गेलती आत, साहेब. हितं कुणाचाच दोष न्हाई."

त्याचे पाय धरावेत, असं मला वाटलं. साहेबांनी तिथल्या तिथं हुकूम काढला, की यापुढं कॉम्प्युटर रोज पुसायचा, आणि तो पुसायला भरवशाचा माणूस पाहिजे. मग त्यांनी माझ्याकडं बोट केलं.