बऱ्हाणपुरात पितर होऊन जेवलो त्याची खरी हकीकत

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात माझी एक गोष्ट फार आवडीने ऐकली जाते. मी, एक निवृत्त, विधुर, सभ्य गृहस्थ, बऱ्हाणपूरला माझ्या मैत्रिणीकडे गेलो. तिथे तिच्या सासरच्या मागासलेल्या माणसांनी मला तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या जागी पितर म्हणून पाटावर बसवलं, जेवू घातलं आणि भर दुपारी घराबाहेर काढलं. गोष्ट संपली की बाकावरची म्हातारी मंडळी चुकचुकतात. एकदा एक माजी प्राध्यापक म्हणाले, "या देशाचं काही खरं नाही." मी खिन्न चेहरा करून मान हलवली. तो चेहरा मला आता चांगला जमतो.

पाट खरा आहे, जेवण खरं आहे, ऊनही खरं आहे. बाकीची गोष्ट खोटी आहे आणि ती मी रचलेली आहे. ज्यांची त्यात बदनामी झाली ती माणसं साधी आहेत आणि त्यांना आमच्या संघात येऊन आपली बाजू मांडता येत नाही. म्हणून हे लिहितो.

ती पुण्यात आमच्याच सोसायटीत मुलीकडे राहायला आली होती, नातू लहान होता म्हणून. बऱ्हाणपूरच्या एका मराठी शाळेत तिने आयुष्यभर गणित शिकवलं होतं. बागेतल्या बाकावर ओळख झाली. मी तिला पहिल्याच दिवशी पाण्याच्या नियोजनावर व्याख्यान दिलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "हे सगळं तुम्ही कधी केलंय, की नुसतं बोलता?" मला वाटलं, विनोद केला. ती माझ्याबद्दलची पहिली आणि अचूक नोंद होती.

नातू शाळेत जायला लागला आणि ती परत गेली. मग रोज संध्याकाळी फोन. सत्तरी ओलांडलेली माणसं प्रेमात पडतात तेव्हा निम्मा वेळ गुडघ्यांवर आणि निम्मा वेळ सुनांवर बोलतात. आम्हीही तेच बोललो. पण फोन ठेवल्यावर घर रिकामं वाटायचं, हे खोटं नाही. फोनवर मी फार धीट असे. "लोकांना काय घाबरायचं?" हे वाक्य मी किती वेळा टाकलं असेल! संघात 'उतारवयातलं सहजीवन' या विषयावर मी भाषणही ठोकलं. टाळ्या पडल्या. ज्यांनी वाजवल्या त्यांच्यातला एकही जण बायकोला न विचारता शर्ट विकत घेत नाही.

दोन वर्षं अशी गेल्यावर ती म्हणाली, "अखाजीला या. त्या दिवशी घरात सगळे असतात. मी सांगणार आहे."

"काय सांगणार?"

"तुम्ही माझे कोण ते. आणि पुढे आपण एकत्र राहणार आहोत ते."

"उत्तम," मी म्हणालो. आणि मुलाला सांगितलं की ऑफिसातल्या एका जुन्या मित्राला भेटायला भुसावळला चाललोय. खोटं बोलायलाही मी खरं गाव निवडलं नाही.

अखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात आणि तापीकाठच्या त्या पट्ट्यात हा सण गेलेल्या माणसांचा असतो. त्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, तिची पूजा करतात आणि गेलेल्या माणसाच्या जागी एका जिवंत माणसाला जेवायला बोलावतात. त्याला पितर म्हणतात. त्याचे पाय धुतात, गंध लावतात, आधी तो जेवतो आणि मग घर जेवतं. आमच्या संघातल्या लोकांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले. मीच हसवलं होतं.

स्टेशनवर तिचा दीर गाडी घेऊन आला होता. पुतणीच्या सोसायटीतले एक पाहुणे सणाला येताहेत, एवढंच त्याला ठाऊक होतं. केळीचा व्यापार, खकनारकडे शेत, तोंडात पान. मी चढल्यापासून घर येईपर्यंत त्याने मला केळीचे भाव, नगरपालिकेचे घोटाळे आणि पुण्याच्या लोकांचा कंजूषपणा हे तिन्ही विषय समजावले. "बुरा मत माना साहेब, पण पुण्यात चहा विचारतात, देत नाहीत." हा मनुष्य अडाणी आहे असं मी तेव्हाच ठरवून टाकलं. घर दोन मजली, साधं, सिमेंटचं. खाली दीर-जाऊ, वर ती. माझी सोय गच्चीलगतच्या खोलीत, चार दिवसांसाठी.

संध्याकाळी ती मला राजघाटावर घेऊन गेली. तापीला पाणी कमी होतं. पायऱ्यांवर पोरं मोबाइलवर गाणी लावून बसली होती. मला तो घाट बकाल वाटला आणि मी तसं म्हणालोही. तिने लक्ष दिलं नाही.

"मला हे त्यांच्या पाठीमागे करायचं नाही," ती म्हणाली. 'त्यांच्या' म्हणजे नवऱ्याच्या. "उद्या घागरीची पूजा झाली की तिच्यासमोरच सगळ्यांना सांगते. तुम्ही फक्त शेजारी उभे राहा."

"एवढंच ना?"

"पुरुषांना एवढंच जड जातं."

मी मोठ्याने हसलो. ती हसली नाही. ती गणिताची बाई होती, उत्तर आधी काढून मग पायऱ्या तपासायची सवय.

सकाळी घरात धांदल होती. जाऊबाई उलट्या खापरावर मांडे भाजत होत्या. हातावर हात फिरवत पुरणाचा मांडा कोपरापर्यंत वाढवायचा आणि खापरावर अलगद टाकायचा. मी बघत उभा राहिलो आणि "वा, वा" करत राहिलो. शहरी माणसाला दुसऱ्याच्या कष्टावर "वा, वा" करण्याची मोठी हौस असते. देवघरात लाल घागर मांडली होती, वर खरबूज आणि आंबा. तेवढ्यात दिराचा फोन वाजला. त्यांच्याकडे दरवर्षी पितर म्हणून जवळच्या चांदनी गावचे एक म्हातारे गृहस्थ यायचे, तिच्या नवऱ्याचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांचा गुडघा धरला होता, उठताच येत नव्हतं.

"आता झाली ना पंचाईत!" दीर ओरडला. "मांडे होऊन राहिले आणि पितराचा पत्ता नाही. सणाच्या दिवशी रिकामा माणूस कुठून आणू? सगळे पत्ते कुटायला बसले."

"होईल काही तरी, भाऊ," ती म्हणाली. "आधी पूजा होऊ द्या. मला तुम्हा सगळ्यांशी बोलायचंय."

त्याच वेळी शेजारची एक बाई सांजोऱ्यांची ताटली घेऊन दारात आली. डोळे ताटलीवर नव्हते, माझ्यावर होते.

"बाई, हे पाहुणे कोण हो तुमचे? कालपासून पाहून राहिले मी. गच्चीवर लुंगी वाळत होती."

जाऊबाईंचा हात खापरावर थांबला. दिराने पान दुसऱ्या गालात सरकवलं. ती पदराला हात पुसत माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. उभं मी राहायचं ठरलं होतं, पण राहिली ती.

"हे," ती म्हणाली, "हे माझे..."

"मी पितराला आलोय," मी म्हणालो.

आवाज माझा होता. मला कोणी विचारलं नव्हतं, ढकललं नव्हतं, सुचवलंही नव्हतं. दिराच्या डोक्यात तो विचार आलाच नव्हता. मी पुढे तपशीलही पुरवला: "चांदनीचे काका येऊ शकत नाहीत ना, म्हणून यंदा मी."

"अरे वा साहेब!" दिराने माझ्या पाठीवर थाप मारली. "तुम्ही तर टेन्शनच मिटवलं! वहिनी, आधी नाही का सांगायचं?"

"मलाही आत्ताच कळलं," ती म्हणाली.

शेजारणीचा चेहरा पडला. तिला याहून चांगलं काही तरी हवं होतं. "असं होय," म्हणून ताटली ठेवून ती गेली. आणि मला काय वाटलं? सुटका वाटली. वर हुशारीही वाटली. आता चार दिवस राहिलो तरी कोणी बोट दाखवणार नाही, असा हिशेब मी त्या अर्ध्या क्षणात केला होता.

पाट मांडला. तिने तांब्या आणला आणि माझे पाय धुतले. पाय धुताना तिने वर पाहिलं नाही. गंध लावलं, ताट वाढलं: मांडे, आमरस, कुरडई, आणि लसूण-मिरचीची लाल जहाल, आमटीसारखी पातळ रस्सी, कारण तिच्या नवऱ्याला ती आवडायची. मला तिखट सोसत नाही हे तिला ठाऊक होतं. तिने वाटी काठोकाठ भरली. मी ओरपली. नाका-डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

जाऊबाई हळव्या झाल्या. "भाऊजींना पण असंच पाणी यायचं," त्या म्हणाल्या.

दीर समोर मांडी घालून बसला. थट्टा करणारा तो माणूस एकदम बदलला. त्याने हात जोडले आणि माझ्याकडे बघून, पण माझ्याशी नव्हे, बोलायला लागला.

"दादा, यंदा खकनारच्या वावरातली केळी वाऱ्यानं झोपली. तुम्ही असते तर वेळेवर टेके लावा म्हटलं असतं. आम्हाला कुठे सुचते." त्याने आमरसाची वाटी माझ्याकडे सरकवली. "पोराचं काम चांगलं चालू आहे, तुमचा आशीर्वाद. आणि वहिनींची चिंता मत करा दादा. वहिनी इथेच राहतील, आमच्या नजरेसमोर, शेवटपर्यंत. कुठे जाणार नाहीत."

मग तो थांबला. अशा वेळी पितराने काही तरी म्हणायचं असतं. सगळे माझ्याकडे बघत होते. ती ओगराळं हातात धरून उभी होती. अजूनही वेळ होती. तोंडातला घास गिळून मी म्हणू शकलो असतो की भाऊ, थांबा, मी तुमचा दादा नाही, मी कोण आहे ते त्यांना सांगू द्या. त्या माणसाने मला मारलं नसतं. फार तर पान थुंकून आला असता.

मी उजवा हात वर केला. "सुखी राहा," म्हणालो.

म्हणजे तिच्या नवऱ्याच्या पाटावर बसून, त्याच्या आवडीची रस्सी पिऊन, मी त्याच्या भावाला परवानगी दिली की हिला इथेच ठेवा, शेवटपर्यंत. ज्या कामासाठी मी पुण्याहून आलो होतो ते काम मी अशा रीतीने पार पाडलं.

हात धुऊन मी वर निघालो तर जिन्याच्या पहिल्या पायरीवर माझी बॅग. शेजारी ती.

"आमच्या घरात पितर जेवून उठला की थांबत नाही," ती म्हणाली. "त्याला वाटेला लावतात."

"अहो, काहीतरीच काय! ते आपलं सोंग होतं. लोकांची तोंडं बंद व्हावीत म्हणून."

"सोंग तुमचं. पाय मी खरे धुतले."

"हळू बोला."

"हळूच बोलतेय. आजवर सगळं हळूच बोललो आपण." ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिचा स्वर वर्गात चुकलेलं गणित पुसताना असावा तसा होता. "रात्री तुम्हाला वर पाणी नेऊन दिलं तर दिराला काय सांगू? दादा परत आले?"

"मी आत्ता जाऊन सांगतो सगळ्यांना."

"सांगा."

आत पंगत बसली होती. चार पावलांवर दार होतं. मी बॅगेचा बंद हातात घेतला, सोडला, पुन्हा घेतला. तेवढ्यात दीर मांड्याचा घास तोंडात घेऊन बाहेर डोकावला. त्याच्यासमोर तोंड उघडायची ही सर्वांत सोपी संधी होती. त्याने विचारलं, "साहेब, निघायचं का? गाडी काढू?"

"काढा," मी म्हणालो.

उन्हात ताट सोडून उठलेला तो माणूस मला स्टेशनवर पोचवायला आला. वाटेत गाडी थांबवून त्याने मावा जिलेबीचा पुडा माझ्या मांडीवर ठेवला. "आमच्या दादासाठी आलात," म्हणाला, "उपकार झाले." या माणसाला मी पुढे संघाच्या बाकावर बसून मागासलेला, हुकूमशहा, विधवेला कोंडून ठेवणारा म्हटलं आणि त्याने दिलेली जिलेबी त्याच बाकावर वाटली.

तिने त्यानंतर माझा फोन उचलला नाही. मी थोडेच दिवस केला. लवकर थकणं हाही माझा एक गुण आहे.

गेल्या आठवड्यात तिची मुलगी लिफ्टमध्ये भेटली. "काका," ती म्हणाली, "माझ्या काकांनी तुम्हाला घरातून हाकललं असं तुम्ही सांगता म्हणे. आईच्या कानावर गेलंय."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. म्हणाली, हाकललं असतं तर बरं झालं असतं, निदान काही तरी झालं असतं."

लिफ्टचं दार उघडलं तरी मी आतच उभा होतो. त्या रात्री मुलाला भुसावळची खरी गोष्ट सांगितली. तो टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाला, "मग आम्हाला सांगायचं होतं ना बाबा. आम्ही काय खाल्लं असतं तुम्हाला?" इतकी वर्षं ज्याच्या भीतीने मी लपलो तो माणूस एवढंच बोलून जेवायला बसला.

मग हे लिहून काढलं. संघात वाचणार आहे. चुकचुकणारे लोक यावेळी काय करतील ते बघायचं आहे. बहुधा विषय बदलतील. त्याआधी कागद घेऊन तिच्या मुलीच्या दारात गेलो. तिने उंबऱ्यातच उभ्याने इथवरचं सगळं वाचलं. आत या म्हणाली नाही, मीही वाट पाहिली नाही.

"आईला पाठवू?" तिने विचारलं.

"पाठव. आणि त्यांना म्हणावं, हे भाऊंनाही वाचून दाखवा. सगळ्यांसमोर."

तिने शेवटचं पान उलटून पाहिलं, मग पुन्हा पहिलं.

"पण काका, यात तुमचं नाव कुठेच नाही."

आतून नातवाने पेन आणून दिलं. भिंतीला कागद टेकवून मी खाली नाव लिहिलं, आडनावासकट, आणि नावापुढे तिचा मी कोण होतो तेही लिहिलं. भिंत खडबडीत म्हणून अक्षर वाईट आलं. पण वाचता येतं.