आधी ब्रेक दाखव

१९९८, एप्रिलचा शेवट. मुदत संपत आलेली औषधं मी दवाखान्याच्या स्टोअरमध्ये खोक्यात भरत होते. बाहेर आमचे डॉक्टर आणि जीपवाला यांचं रोजचं भांडण चाललं होतं.

"आधी ब्रेक दाखव."

"सायेब, घाटात तुमच्याबरोबर मी पण मरनार ना?"

"मग दोघांसाठी दाखव."

तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. एका खोडीवरून अख्खा तालुका त्यांना ओळखतो.

त्या दिवशी डॉक्टर जीपमध्ये चढलेच नाहीत. घाटावरच्या सूर्यमाळकडून दुसरी जीप आली. तिच्यात माझ्याकडून क्षयाच्या गोळ्या नेणारी एक बाई आकडीने ताठ झाली होती. झटके थांबवायचं इंजेक्शन दिलं. थांबेना. पुन्हा दिलं. ओठ निळे पडू लागले.

नवऱ्याने रिकामी पुडी पुढे केली. "ईटभट्टीवर व्हतो तवा खाल्ल्या नाय. आज दवाखान्यात यायचं, उरलेल्या बघून शिस्टरबाय वरडंल, म्हनून ईसच्या ईस गिळल्या."

दर महिन्याला उरलेल्या गोळ्या मीच मोजत असे. ओरडतही असे.

"सिस्टर, आपण पेडल दाबतोय, पण ब्रेकऑइलच नाही," डॉक्टर नाडीवरचा हात न काढता म्हणाले. मेंदूला चेतवणारं एक आम्ल असतं. त्याच्यातूनच मेंदू स्वतःला शांत करणारं दुसरं आम्ल बनवतो, आणि त्यासाठी बी-सिक्स हे जीवनसत्त्व लागतं. त्या वीस गोळ्यांनी ते निकामी केलं होतं. आमचं इंजेक्शन त्या शांत करणाऱ्याचा नुसता जोर वाढवतं. तोच नसेल तर कशाचा वाढवणार?

"बी-सिक्स कुठंय?"

माझ्या खोक्यात. कोणी मागत नाही म्हणून मीच तळाशी घातलं होतं.

"जितकं विष तितकं औषध. या गोळ्या छोट्या, दीडशे कुटा."

खलात कुटल्या, पाण्यात कालवल्या. दोन झटक्यांमधल्या उसंतीत डॉक्टरांनी नाकातून नळी घालून ते पाणी पोटात सोडलं. मी घड्याळाकडे पाहिलं नाही, तिच्या मुठींकडे पाहत राहिले. बऱ्याच वेळाने आधी डावी सैल झाली, मग उजवी.

संध्याकाळी तिने डोळे उघडले. समोर मी.

"बाय," ती पुटपुटली, "येक पन उरली नाय."

डॉक्टर म्हणाले, "शाब्बास. आता झोप."

त्याच आठवड्यात त्यांची बदली झाली. निरोपाचं भाषण त्यांनी करू दिलं नाही.

ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सूर्यमाळला जायला त्यांची रोजचीच जीप पकडली. मी काही म्हणायच्या आत जीपवाल्याने ब्रेक दाबून दाखवला. पाड्यावर घरोघर गेले, उरलेल्या गोळ्या मागून घेतल्या. ओरडले नाही.